तोरणमाळच्या जिवाणूचा पडताळा

सातपुडा विद्यापीठाच्या सभागृहात त्या सकाळी उभं राहायलाही जागा नव्हती. शहाद्याबाहेरच्या माळावर वसलेलं हे विद्यापीठ. एरवी दिल्लीतलं कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पण देशभरातल्या बारा पडताळा केंद्रांचं उद्‌घाटन आज इथून व्हायचं होतं. ही सगळी कल्पना जिच्या डोक्यातून निघाली, ती डॉ. शर्वाणी निकुंभ इथेच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती.

शर्वाणीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गेली कित्येक वर्षं ती भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटली होती. आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी पेपरांचे ढीग बाहेर पडतात; कोणाला बढती हवी असते, कोणाला पदवी. त्यातला कोणता पेपर खरा, कोणता घाईत उरकलेला आणि कोणता सरळसरळ रचलेला, हे कोणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून बघायला कोणाला सवड नसते, आणि कोणी केलाच तर त्याचं कौतुक होत नाही. मग हे काम माणसांवर सोपवायचंच कशाला?

त्यातून पडताळा जन्माला आला. पडताळा म्हणजे एक भलंमोठं दालन. काचेच्या भिंतीआड यांत्रिक हातांच्या रांगा, हवा आणि उजेड हवा तसा राखणारी कपाटं, प्रत्येक नळीवर रोखलेले कॅमेरे. यंत्र पेपर वाचतं, त्यातली कृती पायरीपायरीने उलगडतं, लागणारी रसायनं स्वतः मागवतं आणि प्रयोग अगदी नव्याने करतं. तोही एका ठिकाणी नाही, तर पाच केंद्रांत एकाच वेळी. पेपर कोणाचा, त्याची ओळख कुठवर, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नसतं. पाचही ठिकाणी तोच निष्कर्ष निघाला तर पेपरावर हिरवी खूण उमटते, ‘टिकला’. नाही तर लाल, ‘टिकला नाही’. लाल खुणेच्या पेपरावर बढती मिळणार नव्हती, आणि त्या पेपराच्या आधारावर कोणी पीएच.डी. करत असेल तर त्याची नोंदणी स्थगित होणार होती. हा कडक नियम शर्वाणीनेच लिहिला होता. धाक असल्याशिवाय कोणी सुधारत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

कुलगुरू पाठारेंनी कळ दाबली. पंचवीस वर्षांतल्या लाखो पेपरांमधून यंत्राने पहिला पेपर उचलला आणि पडद्यावर नाव झळकलं. ‘तोरणमाळच्या रानकेळीच्या मुळांवरील जिवाणू व केळीवरील मर रोग. लेखक: भालचंद्र खैरनार, शर्वाणी निकुंभ.’

सभागृहात हास्याचा एकच स्फोट झाला. पहिल्या रांगेत बसलेले खैरनार सर उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, खादीच्या झब्ब्यातले सर. शर्वाणीने पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली केली होती, आणि हा पेपर म्हणजे त्या कामाचं फळ होतं.

“घ्या, घ्या! खुशाल तपासा!” सर दोन्ही हात उंचावून म्हणाले. “आणि माझ्या विद्यार्थिनीला अजिबात सवलत देऊ नका!”

टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

त्या पेपरावर बरंच काही अवलंबून होतं. मर रोगाची बुरशी जमिनीतून केळीच्या मुळांत शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या कोंडते आणि उभं झाड आतून सुकत जातं. तिच्यावर औषध नाही. सरांनी तोरणमाळच्या कड्यांवरच्या रानकेळीच्या मुळांत एक जिवाणू शोधला होता, जो या बुरशीला रोखत असे. आता बुरशीची नवी, जास्त जहाल जात सीमेपलीकडच्या बागांपर्यंत येऊन ठेपली होती, आणि शासन या जिवाणूच्या बाटल्या तापीकाठच्या गावागावांत वाटणार होतं. त्याच जिवाणूवर आरिफ तडवी नावाचा, पाल गावच्या डोंगराकडून आलेला शर्वाणीचा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. त्याचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता.

यंत्रं कामाला लागली. काही आठवड्यांनी निकाल शर्वाणीच्या टेबलावर येऊन पडला.

टिकला नाही.

शहादा, गुवाहाटी, कोल्लम, जोधपूर, पालमपूर. पाचही ठिकाणी टिश्यू कल्चरने वाढवलेली केळीची कोवळी रोपं पिवळी पडून माना टाकून बसली होती. जिवाणू घातलेली आणि न घातलेली रोपं शेजारीशेजारी ठेवली तर ओळखू येऊ नयेत, इतकी सारखी.

कुलगुरूंनी तिला बोलावून घेतलं. पाठारे भला माणूस. त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतः चहा ओतला.

“मॅडम, निकाल अजून तुमच्यापाशीच आहे ना?”

“हो सर. उद्या जाहीर करायचा.”

“नियमात एक वाट आहे. ‘प्रयोगास परिस्थिती अनुकूल नाही’ असा शेरा मारता येतो. पेपर परत ढिगात जातो. खोटंही नाही आणि कोणाला त्रासही नाही. खैरनार सरांचं वय बघा. त्या पोराचा प्रबंध बघा. आणि उद्‌घाटनाच्या पेपरालाच लाल खूण लागली तर आपल्या विद्यापीठाचं काय हसं होईल, याचा विचार करा.”

शर्वाणीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. “आणि बाटल्या वाटायचं काय, सर? उद्या कोणी या जिवाणूच्या भरवशावर बाग लावली आणि ती बसली तर?”

पाठारेंनी उठून लावलेलं दार उघडलं.

निकाल जाहीर करायच्या आधी ती सरांच्या घरी गेली. निदान त्यांना तो वर्तमानपत्रातून कळू नये, एवढीच तिची इच्छा होती. सर व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. तिने सांगितलं ते त्यांनी मान न हलवता ऐकलं.

“पाचही ठिकाणी?”

“हो सर.”

“म्हणजे तुला वाटतं, मी आकडे बनवले?”

‘नाही’ हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच अडखळला. रोपांना पाणी तिने घातलं होतं, जिवाणू तिने वाढवला होता. पण शेवटी मुळं कापून रोग मोजायची वेळ आली तेव्हा ती बहिणीच्या लग्नाला गावी गेली होती, आणि ते मोजमाप सरांनी एकट्याने केलं होतं. हा विचार तिच्या मनात यापूर्वी कधीही आला नव्हता. आला तो नेमका त्या क्षणी, सरांसमोर.

“नाही, सर,” ती म्हणाली. पण उशीर झाला होता.

सर उठून आत गेले. सिंधूकाकू, सरांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी लाल खूण देशभर दिसली. बाटल्यांचं वाटप थांबलं. आरिफची नोंदणी स्थगित झाली. विभागातले लोक शर्वाणीला पाहून बोलणं थांबवू लागले. काहींनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि तेच तिला जास्त टोचलं. सरांनी तिचा फोन उचलणं बंद केलं.

आरिफ मात्र रोज प्रयोगशाळेत येत राहिला. नोंदणी नाही म्हटल्यावर त्याला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. मग तो संगणकापुढे बसून यंत्राने काढलेली रोपांची छायाचित्रं पाहत राही.

“अरे, घरी जाऊन ये चार दिवस,” शर्वाणी त्याला म्हणाली.

“मॅडम, तुम्ही हे बघा आधी.”

त्याने पडद्यावर दोन छायाचित्रं शेजारीशेजारी लावली. एक जोधपूरचं, एक कोल्लमचं.

“दोन्ही मेलीत, आरिफ.”

“मेलीत. पण कोल्लमची उशिरा मेलीत. सगळी नाहीत, फक्त जिवाणू घातलेली. यंत्र शेवटच्या दिवशीचाच हिशेब धरतं, म्हणून त्याने दोघांना एकाच माळेत ओवलं. मी मधल्या दिवसांचे फोटो बघितले. ही झाडं झुंजलीत, मॅडम. शेवटी हरली, पण झुंजलीत.”

शर्वाणी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. एकेक छायाचित्र ती पुढेमागे करून पाहू लागली. कोल्लमच्या नळ्यांत मुळांच्या टोकांशी पांढरा भाग टिकून होता. थोडासाच, पण प्रत्येक नळीत. सरांनी आकडे बनवले असते, तर केरळातल्या यंत्राला हे दिसायचं काही कारणच नव्हतं!

तिने तिथल्या तिथे कोल्लम केंद्राच्या प्रमुख लेखा नंबियारना फोन लावला. लेखा पुण्यात शिकलेल्या. मराठी बोलायची संधी मिळाली की सोडत नसत.

“लेखा, तुमच्या नळ्यांत काय वेगळं होतं?”

“काय पण नाही! सगळं यंत्राने केला. पाणी शुद्ध, औषधं शुद्ध. फक्त वाळू आमची. पेपरमध्ये लिहिलं होतं, निर्जंतुक वाळू. मग आम्ही बीचवरची घेतली, धुतली, भाजली.”

“कशी आहे वाळू?”

“काळी. आमच्याकडे सगळी काळीच. थोरियम असतो ना तिच्यात.”

शर्वाणी आणि आरिफने एकमेकांकडे पाहिलं. थोरियम! म्हणजे किरणोत्सार? जिवाणूला डिवचणारे अदृश्य किरण? दोघांच्याही डोक्यात एकच चक्र सुरू झालं. पण तपासणार कसं? लाल खूण लागलेल्या पेपराला यंत्र पुन्हा हात लावत नसे. तसा नियम होता, आणि तोही तिनेच लिहिलेला.

तिने पडताळा चालवणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची बैठक मागितली. पडद्यावर देशभरातले चेहरे जमले आणि तिने मागणी मांडली. लाल आणि हिरव्यासोबत तिसरी खूण हवी. निकाल न टिकलेल्या कोणत्याही संशोधकाला यंत्राला विचारता आलं पाहिजे, ‘का?’ आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत विद्यार्थ्याची नोंदणी थांबवायची नाही.

दिल्लीच्या एका सदस्याने चष्मा काढला. “डॉ. निकुंभ, हा नियम कडक असावा म्हणून तुम्हीच आमच्याशी भांडला होतात. स्वतःच्या पेपरावर आल्यावर तो बदलायचा?”

तिचा चेहरा तापला. पण तिने नजर वळवली नाही. “बरोबर आहे तुमचं. मला हे आधी सुचायला हवं होतं, नाही सुचलं. माझा पेपर सगळ्यांत शेवटी घ्या. पण बाकीच्यांना विचारू द्या. एखादा प्रयोग एका गावात होतो आणि दुसऱ्या गावात होत नाही, तेव्हा कोणीतरी खोटं बोलतंय असं आपण धरून चालतो. पण कदाचित त्या दोन गावांमध्ये आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी असेल. ते शोधणं म्हणजेच तर संशोधन. आपण त्यालाच शिक्षा ठेवली.”

बराच खल झाला. अखेर एका वर्षापुरती मुभा मिळाली, आणि शर्वाणीचं नाव रांगेच्या टोकाला गेलं.

ही रांग लांबलचक असेल, असंच सगळे धरून चालले होते. देशभरात लाल खुणा शेकड्यांनी लागल्या होत्या. पण ‘का?’ विचारायला पुढे आले अगदी मोजके. ज्यांनी आकडे रचले होते, त्यांना त्यांचं ‘का’ आधीच ठाऊक होतं! शर्वाणीचा नंबर बघता बघता लागला.

आणि आता यंत्राचं दुसरंच रूप समोर आलं. परीक्षकाच्या खुर्चीवर बसून ते रटाळ वाटे. प्रश्न हाती देताच ते पिसाटलं. कोल्लमची वाळू आम्लात विरघळवून त्याने तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य वेगळं केलं, आणि प्रत्येकाचा कणभर अंश वेगवेगळ्या नळ्यांत घातला. किरणांसाठी वेगळी रांग, थोरियमसाठी वेगळी. शर्वाणी आणि आरिफ शाळकरी मुलांसारखे काचेला नाक लावून उभे राहत.

किरणांची रांग मेली. थोरियमची मेली. आरिफचा चेहरा पडला. “गेलं, मॅडम.”

“अरे थांब, अजून रांगा आहेत.”

लोह, टायटॅनियम, झिर्कोनियम. सगळ्या पिवळ्या. आणि मग एका सकाळी आरिफ जिन्यावरून धावत वर आला. त्याला बोलायलाही दम पुरत नव्हता. तो नुसताच बोट दाखवत राहिला. शर्वाणी खाली पळाली. एका रांगेतली सगळी रोपं हिरवीगार उभी होती, आणि काचेतून दिसणारी त्यांची मुळं मुळ्यासारखी पांढरीशुभ्र!

रांगेवर नाव होतं, सिरियम.

“सिरियम?” आरिफ म्हणाला. “लायटरच्या खड्यात असतो तो?”

“तोच. वाळूच्या कणांत तो अडकलेला असणार, म्हणून कोल्लमच्या रोपांना पुरला नाही. पण जिवाणूला तो कशाला हवा? आणि आपल्या मूळ प्रयोगात तो आला कुठून? आपण कुठे केरळची वाळू वापरली होती?”

याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि तो तिच्याशी बोलत नव्हता.

त्याच दुपारी दोघं सरांच्या घरी गेले. सिंधूकाकूंनी दार उघडलं. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

“आहेत, पण बाहेर यायचे नाहीत,” काकू हळूच म्हणाल्या. “बसा तुम्ही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करतेय, खाऊन जा.”

शर्वाणी संकोचून बसली. आरिफला मात्र राहवेना. काकू समोर बसताच तो नेहमीपेक्षा अंमळ मोठ्या आवाजात सांगू लागला, “काकू, मोठ्या सरांचा जिवाणू खरा आहे! कोल्लमच्या वाळूत तो जगला! त्याला सिरियम लागतो. का लागतो, ते मात्र आम्हाला दोघांनाही कळेना.”

“बरं मग?” काकू म्हणाल्या. त्यांनीही आवाज चढवला. “सिरियम म्हणजे काय रे?”

“धातू आहे, काकू. अगदी कणभर लागतो. पण तो नसला तर जिवाणू नुसता पडून राहतो, उपाशी असल्यासारखा.”

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार धाडकन उघडलं.

“मिथेनॉल!” खैरनार सर ओरडले. झब्ब्याची गुंडी उघडी, केस विस्कटलेले. “उपाशी म्हणालास ना? अरे, तो खातो काय? मिथेनॉल! बुरशी मुळाची भिंत कुरतडते, तेव्हा त्या भिंतीतून मिथेनॉल सुटतं. म्हणजे चोर जिथे भिंत फोडतो, नेमकं तिथेच पहारेकऱ्याचं ताट वाढलेलं! पण मिथेनॉल पचवणारं त्याचं जे विकर आहे, एन्झाइम, त्याच्या गाभ्यात असला दुर्मिळ धातू बसावा लागतो. धातू नाही तर पचन नाही. ताट समोर आणि तोंड शिवलेलं!”

शर्वाणी उभी राहिली होती. “म्हणून तो बुरशी असेल तिथेच वाढतो! आणि बाकी मुळांवर दिसतही नाही!”

“दिसणारच नाही! मी त्या वेळी डोकं फोडून घेतलं होतं त्यावर, आठवतं?”

“आठवतं, सर. पण मग तेव्हा त्याला सिरियम मिळाला कुठून?”

सर येरझारा घालू लागले. एकदम थांबले. “फॉस्फेट कुठलं घातलं होतं आपण?”

“पेपरात फॉस्फेट एवढंच लिहिलंय.”

“ते मी लिहिलंय, मला ठाऊक आहे. बाटलीतलं होतं का?”

तिच्या डोळ्यांसमोर ते दिवस उभे राहिले. मागवलेलं रसायन आलंच नव्हतं, आणि रोपं थांबायला तयार नव्हती. “नाही सर! बाजारातलं सुपरफॉस्फेट. मीच आणलं होतं, कृषी केंद्रातून. तुम्ही म्हणालात, झाडाला काय, फॉस्फेट ते फॉस्फेट.”

“सुपरफॉस्फेट कशाचं करतात? खडकाचं!” सरांनी टाळी वाजवली. “फॉस्फेटच्या खडकात असले सगळे दुर्मिळ धातू मिसळलेले असतात. आपण जे कचरा म्हणून विसरलो, तेच औषध होतं! आणि यंत्राने काय वापरलं?”

“शुद्ध रसायन,” आरिफ म्हणाला. “एकदम शुद्ध.” आणि मग त्याचे डोळे विस्फारले. “सर, मॅडम, म्हणूनच शेतावर तसं होत असेल! प्रबंधासाठी मी ज्यांच्या बागांत जिवाणू घातला, त्यातले निम्मे लोक म्हणायचे जिवाणू भारी आहे, निम्मे म्हणायचे फेकून द्या. ज्यांच्याकडे ठिबक आहे ते विद्राव्य खत सोडतात, ते शुद्ध असतं. जे जमिनीत सुपरफॉस्फेट टाकतात, त्यांच्या बागा वाचल्या असतील. मला वाटायचं लोक काहीही सांगतात!”

स्वयंपाकघरातून भाकरी करपल्याचा वास आला आणि काकू धावल्या.

निघताना शर्वाणी व्हरांड्यात घुटमळली. “सर, त्या दिवशी मला उत्तर द्यायला वेळ लागला.”

सरांनी चप्पल पायात सरकवली. ते प्रयोगशाळेत यायला निघालेच होते. “लागला. फार लागलं ते मला, आणि राग अजून आहे थोडा. पण तू झटकन ‘नाही’ म्हणाली असतीस, तर ते प्रेमापोटी म्हणाली असतीस. तुझ्याकडे पुरावा कुठे होता? आता आहे. आता विचार स्वतःला.”

“आता काय विचारायचं, सर?”

“विचार ना. आकडे बनवले होते का मी?”

“नाही, सर!” ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानंतरचे महिने कसे गेले, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. नवा पेपर लिहिला गेला. त्यात प्रयोगाची कृती इतकी बारकाईने लिहिली होती की आरिफने तिला पोथी असं नाव ठेवलं. वाळू कुठली, खत कोणत्या खडकाचं, सगळं. पेपर पूर्ण होताच सरांनी हट्ट धरला, की तो आधी पडताळ्यात घालायचा आणि मग छापायचा.

“पाच केंद्रांत?” शर्वाणीने विचारलं.

“पाच कशाला? बाराही केंद्रांत लावा. आणि म्हणावं त्या यंत्राला, मोडून दाखव.”

‘का?’ची मुभा वर्षापुरती होती, ती मंडळाने कायमची केली. तिकडे इंफाळच्या एका मुलीने तिच्या न टिकलेल्या प्रयोगाला ‘का?’ विचारून विजेऱ्यांच्या रसायनशास्त्रातली एक जुनी समजूत उलटवली होती. धारवाडचा एक प्राध्यापक स्वतःहून आपले जुने पेपर यंत्रात घालत सुटला होता. विद्यापीठांच्या चहाच्या टपऱ्यांवर आता ‘तुझे पेपर किती?’ याऐवजी ‘तुझं काय अडलंय?’ असं ऐकू येऊ लागलं होतं. सगळीकडे नाही, पण ऐकू येऊ लागलं होतं.

निकालाच्या दिवशी पडद्यासमोर सर, शर्वाणी आणि आरिफ बसले होते. फोनवर लेखा होत्या. भरदुपारची वेळ, पंखा गरगरत होता, तरी सगळे घामाघूम.

शहादा, टिकला. जोधपूर, टिकला. कोल्लम, टिकला.

“बघितला का!” फोनमधून लेखा ओरडल्या.

पालमपूर हिरवं. धारवाड हिरवं. आरिफ प्रत्येक नावाला टेबलावर थाप मारत होता. त्याचा प्रबंध आता नव्याने लिहावा लागणार होता, आणि त्याला त्याचं यत्किंचितही वाईट वाटत नव्हतं. हिरव्या खुणांची रांग वाढत गेली. कुलगुरू पाठारे दारात येऊन उभे राहिले होते; त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. शेवटचं केंद्र तेवढं उरलं.

गुवाहाटी. टिकला नाही.

पाठारेंनी पुडा पाठीमागे लपवला.

शर्वाणी पडद्याजवळ सरकली. वाळू सगळीकडे एकच पाठवली होती. खत एकाच पोत्यातलं होतं. जिवाणू एकाच बाटलीतला. यंत्र एकच, पाणी तेच. तरी गुवाहाटीची रोपं पिवळी, आणि तीही थोडीथोडकी नाहीत, एकजात सगळी! तिच्या पाठीतून एक शिरशिरी वर चढत गेली. भीतीची नव्हती ती. तिने वळून सरांकडे पाहिलं.

सरांचे डोळे लकाकत होते. “नापास!” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “अरे, गुवाहाटीत नापास झाला!”

“उजेड!” आरिफ ओरडला. “त्यांच्या कपाटातले दिवे...”

“दिवे सगळीकडे सारखे आहेत. हवेतलं काही असेल,” शर्वाणी म्हणाली. “बुरशीच तिथे बदलली असेल, आधी बुरशी तपासू...”

“बुरशी नाही, विषाणू! जिवाणूला खाणारा विषाणू!” सर उभे राहिले. “शर्वाणी, ते ‘का?’ दाब आधी. आरिफ, गुवाहाटीची तिकिटं बघ. मी येणार आहे, वय-बिय काढायचं नाही.”

शर्वाणीने कळ दाबली. पाठारे गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. तिघंही एकाच वेळी बोलत होती, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि टेबलावरच्या फोनमधून लेखा नंबियार जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, “अरे, मला पण सांगा ना! एक एक जण बोला!”